मॅचला एकटं जाणं म्हणजे नेमकं काय? हॉर्नबी, ब्युफर्ड आणि पनाही एकत्र वाचताना

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एका रकान्यापाशी हमखास अडायला होतं: अभ्यासाचं एकक. म्हणजे तुम्ही नेमका कोणाचा अभ्यास करणार? एका माणसाचा, कुटुंबाचा, गटाचा की संस्थेचा? बहुतेक जण तिथे पटकन ‘व्यक्ती’ असं लिहून मोकळे होतात. कारण सोपं आहे, प्रश्नावली व्यक्तीच्या हातात देता येते, घोळक्याच्या हातात देता येत नाही. पण सोय म्हणून निवडलेलं एकक पुढे तीन-चार वर्षं मानगुटीवर बसतं. ‘एकटा माणूस’ आणि ‘गट’ हे दोन आयते डबे आहेत असं धरून चाललं, की विदा त्या डब्यांतच भरला जातो. मग डबे बरोबर होते का, हे तपासायचं राहून जातं.

नुसती व्याख्या सांगून हा मुद्दा पटत नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून आज दोन पुस्तकं आणि एक सिनेमा घेते. निक हॉर्नबीचं ‘फीवर पिच’, बिल ब्युफर्डचं ‘अमंग द थग्ज’ आणि जफर पनाहीचा ‘ऑफसाइड’. तिन्ही फुटबॉलच्या प्रेक्षकांबद्दल आहेत. मॅचला एकटं जावं की टोळक्यानं, हा चहाच्या टपरीवरचा वाद तिन्हींच्या पोटात आहे. एकट्यानं गेलं की मॅच नीट बघता येते, घोळक्यात गेलं की मजा येते, असं आपण सहज बोलून जातो. या तिघांना शेजारी शेजारी ठेवून वाचलं की या वादाचा पायाच डळमळतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पटतंय की नाही ते तुम्हाला तपासत जाता येईल. तुम्ही एकटे आहात की गटात, हे नेहमी तुम्ही ठरवत नाही. अनेकदा ते समोरचा ठरवतो: फाटकावरचा शिपाई, काठी घेतलेला पोलीस, शेजारच्या खुर्चीवरचा प्रेक्षक. हॉर्नबीला हे दिसत नाही. ब्युफर्डला ते दिसतं, पण तो त्याचा अर्थ लावत नाही. पनाही त्यावर सबंध सिनेमा उभा करतो.

आधी एक साधन

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं ‘रिलेशन्स इन पब्लिक’ हे पुस्तक १९७१ चं. सार्वजनिक जागी वावरणारी माणसं तो दोन प्रकारांत बघतो. एक ‘सिंगल’, म्हणजे एकटा आलेला. दुसरा ‘विथ’, म्हणजे सोबतीनं आलेली माणसं. आपण मराठीत ‘एकटा’ आणि ‘सोबत’ म्हणू. वरवर पाहता ही अगदी बाळबोध विभागणी वाटेल. पण तिच्यातली मेख बघा. सोबत म्हणजे दोन माणसं जवळ उभी असणं नव्हे. बघणाऱ्यांना ती ‘एकत्र आहेत’ असं वाटायला हवं. एसटी स्टँडवर एकाच बाकावर बसलेले चार प्रवासी सोबत नसतात. त्याच स्टँडवर बायको बाकावर आणि नवरा वीस पावलांवर चौकशीच्या खिडकीशी असला, तरी ती दोघं सोबत असतात.

गॉफमन आणखी एक गोष्ट नोंदवतो. एकट्या माणसाला आपण इथे का आहोत हे सतत दाखवत राहावं लागतं. तो पेपर उघडतो, घड्याळ बघतो, काहीतरी कामात असल्यासारखा दिसतो. आता तो फोन काढतो, एवढाच फरक. सोबत असलेल्यांना असा खुलासा करावा लागत नाही, त्यांची सोबत हाच त्यांचा खुलासा असतो. ‘खुलासा कोणाला द्यावा लागतो’ हा प्रश्न खिशात ठेवा, पुढे लागणार आहे.

हॉर्नबी: खुलासा न मागितलेला एकटा

‘फीवर पिच’ १९९२ मध्ये आलं. आर्सेनल या लंडनच्या क्लबच्या एका समर्थकाचं हे आत्मकथन आहे आणि त्यातली प्रकरणं मॅचच्या तारखांनुसार लावली आहेत. सुरुवात होते सप्टेंबर १९६८ मध्ये. हॉर्नबी अकरा वर्षांचा आहे, आई-वडील वेगळे झालेत. सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन जायचं कुठे आणि बोलायचं काय, हा वडिलांपुढचा पेच. त्यावर तोडगा म्हणून ते त्याला हायबरी स्टेडियमवर आर्सेनल विरुद्ध स्टोक सिटी ही मॅच दाखवायला नेतात. मुलाला मैदानापेक्षा जास्त लक्षात राहतात ती आजूबाजूची मोठी माणसं. पैसे मोजून आलेली आणि तरीही त्रासलेली, वैतागलेली. मजा करायला आलेला माणूस इतका दुःखी कसा, हे त्याला विलक्षण वाटतं आणि तो त्यातच अडकतो.

पुस्तकाचं सगळं बळ इथे आहे. बापलेकांना एकमेकांशी बोलता येत नाही, पण मॅचबद्दल बोलता येतं. फुटबॉल त्यांना ‘सोबत’ बनवतो. पुढे मुलगा मोठा होतो, शाळकरी मुलांसाठीच्या राखीव भागात उभा राहू लागतो आणि मग नॉर्थ बँकवर मोठ्यांच्या गर्दीत जातो. वडील मागे पडतात, मित्र येतात-जातात, प्रेयसी येतात-जातात. क्लब तेवढा राहतो. पानापानावर मित्र असूनही निवेदक मुळात एकटाच आहे. बाकीची माणसं त्याच्या वेडाच्या कडेला उभी आहेत.

टीका म्हणून मला जे म्हणायचं आहे ते असं. हॉर्नबी आपल्या एकटेपणाकडे स्वभाव म्हणून बघतो. मी असा का आहे, हे तो वारंवार विचारतो आणि उत्तर बालपणात शोधतो. पण हे एकटेपण कशाच्या जोरावर शक्य झालं, हे तो क्वचितच विचारतो. पोरसवदा वयात तो मोठ्यांच्या गर्दीत शिरतो. त्याला भीती वाटते, पण तू इथे कसा, असं फाटकावर कोणी विचारत नाही. गोरा इंग्लिश मुलगा फुटबॉलच्या मैदानावर दिसला, तर त्या काळात त्याच्याकडे खुलासा मागायचं कारणच नव्हतं. तो एकटा असूनही ‘आमच्यातलाच’ धरला गेला.

एका जागी मात्र तो या मुद्द्याच्या अगदी जवळ येतो. उभं राहून मॅच बघायच्या जागा मोडून सगळीकडे खुर्च्या बसवण्याबद्दल लिहिताना तो म्हणतो की क्लब जे विकतो त्यात गर्दीही असते. महागडी बंद दालनं घेणारे लोक समोरच्या स्वस्त गर्दीचा आवाजही विकत घेत असतात. सगळं स्टेडियम साहेबलोकांनी भरलं, तर ती दालनं कोण घेणार? हे निरीक्षण धारदार आहे. म्हणजे हॉर्नबीला कळतं की त्याचा एकट्याचा आनंद हजारो अनोळखी माणसांच्या हजेरीवर उभा आहे. हिशेब तो तिकिटाच्या दरापाशी थांबवतो, फाटकापर्यंत नेत नाही.

ब्युफर्ड: टोळक्यातला पाहुणा

नव्वदच्या दशकाच्या तोंडावर आलेलं ‘अमंग द थग्ज’ उलट्या बाजूनं सुरू होतं. ब्युफर्ड हा इंग्लंडमध्ये राहणारा अमेरिकन, ‘ग्रँटा’ या साहित्यिक नियतकालिकाचा संपादक. फुटबॉलशी त्याचं काही देणंघेणं नाही. मॅचच्या निमित्तानं मारामाऱ्या करणारी टोळकी त्याला समजून घ्यायची आहेत, म्हणून तो त्यांच्यात शिरतो. १९८४ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या समर्थकांबरोबर तो इटलीत ट्युरिनला जातो. युव्हेंटसविरुद्धच्या मॅचनंतर रस्त्यावर जे घडतं ते त्यानं इतकं जवळून लिहिलंय की वाचताना अंगावर काटा येतो. घोळका एक उंबरठा ओलांडतो तो क्षण तो पकडतो आणि त्या क्षणात त्याला स्वतःला जाणवलेली धुंदीही कबूल करतो.

सहभागी निरीक्षण म्हणजे काय, हे शिकायला हे पुस्तक जरूर वाचा. पण वाचताना एक प्रश्न हातात धरा: ही धुंदी कोणाची आहे? ब्युफर्ड सगळीकडे टोळक्यात आहे, तरी गॉफमनच्या भाषेत तो एकटाच आहे. त्याचं तिथे घर नाही, दोस्ती नाही, जुनं वैर नाही. शेजारचा पोरगा कोणाचा मेहुणा, कोणाचा शाळासोबती, हे धागे त्याच्या वाट्याचे नाहीत. असा पाहुणा घोळक्यात शिरला की त्याला घोळका एकसंध वाटणारच. मग स्वतःच्या अनुभवावरून तो सगळ्यांच्या मनात काय चाललं असेल ते सांगू लागतो. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण इथे शीत दुसऱ्याच भांड्यातलं आहे.

‘माणूस गर्दीत स्वतःला हरवतो’ ही कल्पना जुनी आहे. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकानं १८९५ मध्ये ती मांडली आणि ती आजतागायत वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून फिरते आहे. तिला नंतर बराच शह बसला. क्लार्क मॅकफेल यानं १९९१ च्या ‘द मिथ ऑफ द मॅडिंग क्राउड’ या पुस्तकात दाखवलं की गर्दी सुट्या सुट्या माणसांची फारशी नसते. लोक मित्र, नातेवाईक, ओळखीचे यांच्या छोट्या छोट्या घोळक्यांनी येतात, तसेच वावरतात आणि बऱ्याचदा तसेच परततात. याचा अर्थ ‘एकटा विरुद्ध गट’ या दोन डब्यांच्या मधे बरंच काही आहे, आणि गर्दीचा मोठा भाग त्या मधल्या जागेतच असतो.

आता या पुस्तकाचा शेवट बघा, कारण तिथे संशोधकांसाठी एक सुंदर तुलना आयती मिळते. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडच्या सुरुवातीच्या मॅच सार्डिनिया बेटावर, काल्यारी या शहरात होत्या. ब्युफर्ड तिथे गेला आणि पोलिसांच्या कारवाईत त्यानं मार खाल्ला. काठी चालवणाऱ्यानं तो पत्रकार आहे की दंगेखोर, हे विचारलं नाही. पुस्तकभर घोळक्यात राहूनही पाहुणा असलेला माणूस शेवटी ‘त्यांच्यातला’ झाला, तो काठीमुळे.

याच काल्यारीत जमलेल्या इंग्लिश समर्थकांवर क्लिफर्ड स्टॉट आणि स्टीफन रायशर या दोन सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी काम केलं. त्यांचा लेख १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: आलेले सगळे भांडायला आलेले नव्हते. पण पोलिसांनी आणि काही स्थानिकांनी सगळ्यांना एकाच मापानं मोजलं, सगळे धोकादायकच. जे स्वतःला दंगेखोरांपासून वेगळं समजत होते त्यांनाही तीच वागणूक मिळाली. मग त्यांची ‘आपण कोण’ ही समज बदलली. ज्यांच्याशी काही संबंध नव्हता ते आता आपले वाटू लागले आणि प्रतिकार करणं रास्त वाटू लागलं. माणूस गर्दीत हरवत नाही. त्याची ओळख ‘मी’कडून ‘आम्ही’कडे सरकते, आणि तिला सरकवण्यात समोरच्या पक्षाचा मोठा हात असतो.

एकच शहर, एकच वर्ष, एकच गर्दी. ब्युफर्ड आत बघतो आणि त्याला मानवी स्वभावाचा काळोख दिसतो. स्टॉट आणि रायशर दोन्ही बाजूंच्या मधल्या जागेत बघतात आणि त्यांना एक प्रक्रिया दिसते. ब्युफर्डचं गद्य कितीतरी सरस आहे, यात वाद नाही. पण स्पष्टीकरण कोणाचं जास्त टिकतं, असं विचारलंत तर मी बिनदिक्कत दुसऱ्यांचं म्हणेन. गंमत अशी की त्याचा सर्वांत मोठा पुरावा ब्युफर्डच्या स्वतःच्या पाठीवर होता.

पनाही: कठड्यात तयार झालेली सोबत

इथून इराणकडे वळायचं कारण हेच आहे. काल्यारीत काठीनं जे केलं, ते तेहरानमध्ये एक लोखंडी कठडा करतो.

‘ऑफसाइड’ २००६ चा. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं, पण इराणमध्ये त्याच्या प्रदर्शनाला परवानगी मिळाली नाही. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर पुरुषांच्या फुटबॉल मॅच स्टेडियममध्ये जाऊन बघायला स्त्रियांना मज्जाव करण्यात आला. सिनेमा घडतो ८ जून २००५ रोजी, तेहरानच्या आझादी स्टेडियमवर. इराण विरुद्ध बहारीन, जिंकलं की वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं. सिनेमाचा काही भाग खरोखर त्या मॅचच्या दिवशीच तिथे चित्रित झालाय. ‘आझादी’ म्हणजे स्वातंत्र्य हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पनाहीही ते अधोरेखित करत बसत नाही.

एक मुलगी मुलाचा वेश करून, चेहरा रंगवून पोरांनी भरलेल्या बसमध्ये बसली आहे. बसमध्ये आरडाओरडा, गाणी, झेंडे. ती खिडकीशी अंग चोरून. गॉफमनचा एकटा माणूस पेपर उघडून आपला खुलासा देतो. हिचा सगळा वेशच खुलासा आहे, आणि तो खोटा आहे. एक-दोन पोरांच्या लक्षात येतं, ते तिला तसंच राहू देतात. काळ्या बाजारात तिकीट विकणारा ती मुलगी आहे हे ओळखतो आणि जास्त पैसे घेतो. एकटीनं येण्याची किंमत इतकी सरळ रोकड्यात क्वचितच कुठे दाखवली असेल. फाटकावर अंगझडती असते, तिथे ती सापडते.

तिला स्टेडियमच्या वरच्या बाजूला, भिंतीबाहेर उभारलेल्या कठड्यात आणतात. तिथे आधीच इतर मुली आहेत. एक बेधडक, सिगरेट ओढणारी. एक स्वतः फुटबॉल खेळणारी. नंतर एकीला बेड्या घालून आणतात, ती सैनिकाचा गणवेश घालून आत घुसली होती आणि अधिकाऱ्याच्या राखीव खुर्चीवर जाऊन बसल्यामुळे पकडली गेली. या मुली एकमेकींना ओळखत नाहीत, आपापल्या युक्तीनं आणि आपापल्या कारणानं आल्या आहेत. सिनेमात त्यांना जवळपास नावंही नाहीत. त्यांचा गट स्टेडियमनं बनवला नाही, मॅचनं बनवला नाही. बनवला तो कठड्यानं. आत गेल्या असत्या तर लाखभर माणसांत त्या एकेकट्या विखुरल्या असत्या. अडवलं म्हणून त्या ‘आम्ही’ झाल्या.

भिंतीपलीकडे मॅच चालू आहे. आपल्याला फक्त गर्दीचा आवाज येतो. मुली पहाऱ्यावरच्या सैनिकाला गळ घालतात आणि तो फटीतून बघून मोडकंतोडकं धावतं वर्णन करतो. त्यांना त्याच्यापेक्षा खेळ जास्त कळतो, म्हणून त्या त्यालाच दुरुस्त करतात. मग वाद होतो: इराण-जपान मॅचला जपानी बायका आत होत्या, त्या कशा चालल्या? सैनिक म्हणतो, त्यांना आपली भाषा येत नाही, पुरुषांच्या शिव्या त्यांना कळत नाहीत. म्हणजे आमचा गुन्हा इराणमध्ये जन्मण्याचा का, असा मुलीचा प्रतिप्रश्न. हा संवाद विनोदी आहे, आणि नियमाचं आतडं तो बाहेर काढतो. मनाई डोळ्यांनी मॅच बघण्यावर नाहीच. ती आहे ‘आपली बाई’ या नात्यानं त्या गर्दीत असण्यावर.

सिनेमाचा गाभा मात्र मला दुसऱ्याच प्रसंगात दिसतो. खेळाडू मुलीला स्वच्छतागृहात जायचं असतं. स्टेडियममध्ये स्त्रियांसाठी स्वच्छतागृहच नाही, कारण स्त्रिया नाहीतच असं गृहीत धरलंय. सैनिक एका खेळाडूच्या पोस्टरचा मुखवटा करून तिच्या चेहऱ्यावर चढवतो आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहात नेतो. तिथल्या गोंधळात ती निसटते. आता ती मोकळी आहे, गर्दीत आहे, तिला हवं ते मिळालंय. तरी ती परत येते, आपण होऊन, कारण तिच्यामुळे तो सैनिक अडचणीत येणार.

‘एकटं की गटात’ या प्रश्नाला हा प्रसंग फार खोल उत्तर देतो. कठड्यात तिला दुसऱ्यांनी टाकलं होतं. दुसऱ्यांदा ती स्वतः आत येते. पहिल्या वेळी तो लादलेला गट होता, दुसऱ्या वेळी पत्करलेली सोबत. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दृश्य दिसेल: कठड्यात उभी असलेली मुलगी. प्रश्नावलीत ‘तुम्ही कोणासोबत होता?’ एवढंच विचारलं असतं, तर दोन्ही वेळा उत्तर एकच आलं असतं.

‘ऑफसाइड’ कुठे कमी पडतो

सिनेमा आवडला म्हणून हातचं राखून बोलायचं कारण नाही. शेवटी मुलींना गाडीत घालून नेत असतात. फटाके बाळगल्याबद्दल धरलेला एक पोरगाही त्यांच्यात आहे. रेडिओवर मॅच संपते, इराण जिंकतं, रस्ते भरून वाहतात. गाडी अडते आणि मुली नि सैनिक जल्लोषात मिसळून जातात. पार्श्वभूमीला देशभक्तिपर गाणं. आधी कठड्याच्या दोन बाजूंना असलेली माणसं आता एकाच ‘आम्ही’त. बघताना डोळे भरून येतात, आणि तिथेच मला थोडं थांबावंसं वाटतं. ज्या देशाच्या नियमानं त्यांना बाहेर ठेवलं त्याच देशाच्या विजयात त्यांना विरघळवणं हा प्रश्नाचा शेवट आहे का? विजयाची रात्र संपली की कठडा तिथेच असणार. सैनिकही परिस्थितीचे बळी, असं दाखवताना पनाही माणूस म्हणून मोठा ठरतो. पण नियम करणारा कोण, हे पडद्यावर येतच नाही. काठी दिसते, हात दिसतो, डोकं दिसत नाही.

तरी त्याच गाडीत पनाही एक गोष्ट अशी ठेवतो की हा गोडवा पुरता गोड राहत नाही. सुरुवातीची ती बसमधली मुलगी रडत सांगते, मी मॅचसाठी आलेच नव्हते. मार्च २००५ मधल्या इराण-जपान मॅचनंतरच्या चेंगराचेंगरीत सात जण गेले, त्यात तिचा मित्र होता. त्याच्यासाठी ती आली होती. मग सात फुलबाज्या पेटतात. सगळे नाचताहेत आणि ही शोक करते आहे. गर्दीत मिसळूनही तिचं एकटीनं येणं पुसलं जात नाही. शेवटाचं वजन मी नाचाला देत नाही, या फुलबाज्यांना देते.

आणि कठडा खराच राहिला. पुरुषाचा वेश करून स्टेडियममध्ये जायच्या प्रयत्नात अटक झालेल्या सहर खोदायारी या तरुणीनं पुढे न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. महिन्याभरात, १० ऑक्टोबर २०१९ ला, इराण-कंबोडिया मॅचसाठी हजारो स्त्रियांनी तिकिटं काढून आझादी स्टेडियममध्ये प्रवेश केला. इराणनं १४-० अशी मॅच जिंकली. स्त्रियांना बसवलं होतं वेगळ्या, बंदिस्त भागात. आत आल्या, पण ‘एकटी प्रेक्षक’ म्हणून नाही, ‘स्त्रिया’ म्हणून. हॉर्नबीला अकराव्या वर्षी जे सहज मिळालं, म्हणजे गर्दीत कोणीही न होता उभं राहणं, ते त्यांना अजून मिळायचंच होतं. गटात जायचा हक्क जसा मागावा लागतो, तसा एकटं असण्याचाही मागावा लागतो. हा विचार मला या तीन कलाकृतींतून मिळाला, एकट्या कुठल्याच नाही.

मग आपण काय करायचं?

तुमचा विषय फुटबॉल नसेलही. जत्रा असेल, मोर्चा असेल, अभ्यासिका असेल, लोकलचा डबा असेल. तीन गोष्टी मात्र कुठेही लागू पडतात.

एक, ‘कोणासोबत आलात?’ या प्रश्नाला जोडून ‘तुम्हाला कोणासोबतचे समजलं गेलं?’ हाही प्रश्न ठेवा. दोन्ही उत्तरं जुळत नसतील, तर तुमचा खरा विषय त्या फटीत आहे.

दोन, वेळ नोंदवा. माणूस एकटा येतो, मधे गटात जातो, पुन्हा एकटा परततो. एकक ही अवस्था असू शकते, कायमचा शिक्का नव्हे. काल्यारीत सकाळी एकटा असलेला समर्थक संध्याकाळी ‘आम्ही’ झाला होता.

तीन, तुम्ही स्वतः कोण म्हणून गेलात ते लिहा. ‘मी निरीक्षण केलं’ या वाक्यात कर्ता बिनचेहऱ्याचा राहतो. ब्युफर्डला जे दिसलं ते पाहुण्याला दिसणारं होतं, हॉर्नबीला दिसलं ते घरच्याला दिसणारं.

सरावासाठी लांब जायला नको. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा विचार करा. तिथले संघ पेठांचे आणि तालमींचे: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. संघाच्या नावातच मोहल्ला असला की तिथे ‘एकटा प्रेक्षक’ म्हणजे कोण? तालमीचा पोरगा एकटा आला तरी तो एकटा धरला जाईल का? बाहेरगावहून शिकायला आलेला विद्यार्थी मित्रांसोबत बसला, तर तो कुठल्या बाजूचा ठरेल, आणि ते कोण ठरवेल? एकटी आलेली मुलगी कोणाला खुलासा देईल? उत्तरं मी गृहीत धरत नाही, तुम्हीही धरू नका. चार-पाच मॅचना जा, कधी एकट्यानं, कधी सोबतीनं, आणि प्रत्येक वेळी पहिली नोंद एवढीच करा: आज मला कोणी काय समजलं.

तेवढ्या नोंदी झाल्या की सिनॉप्सिसमधल्या त्या रकान्याकडे परत या. ‘व्यक्ती’ हे उत्तर कदाचित तेच राहील. पण ते तुम्ही निवडलेलं असेल, आणि गाइडनी ‘का?’ असं विचारलं तर सांगायला काहीतरी असेल.